आठशे पानं, चाळीस पात्रं आणि एक परका: जाडजूड स्पेस ऑपेरा वाचायची रीत

जाडजूड स्पेस ऑपेरा, म्हणजे अनेक ग्रह, जहाजं आणि लढायांचा पसारा असलेली अंतराळातली कादंबरी, माणूस हौसेनं विकत घेतो आणि त्यातली खूण पन्नास-साठ पानांच्या पुढे सरकत नाही. वाचणारा कच्चा असतो असं नाही. इंग्रजी बरं असतं, विज्ञानाची आवडही असते. पण शाळेनं लावलेली एक सवय आडवी येते: आधीचं पूर्ण कळल्याशिवाय पुढचं वाचायचं नाही. पहिल्याच प्रकरणात तीन जहाजांची नावं, दोन ग्रह, एक संस्था आणि कसल्याशा यंत्राची आद्याक्षरं एकदम अंगावर येतात. माणूस दोन पानं मागे जातो, पुन्हा वाचतो, पुन्हा मागे जातो आणि शेवटी मोबाइल उघडतो.

परग्रहवासीयांच्या पहिल्या भेटीवरची अशी कादंबरी वाचायची किल्ली माझ्या मते एकच आहे. तिच्यातलं खरं कथानक गैरसमजाचं असतं. जहाजं आणि लढाया त्याच्या आजूबाजूला. दोन जमाती समोरासमोर येतात, दोघींना वाटतं आपल्याला कळलं आणि दोघींचंही चुकलेलं असतं. कुणाचा काय समज झाला, कुठल्या पानावर झाला आणि तो कधी फिटला, एवढा हिशोब ठेवला की बाकीचं आपापल्या जागी बसत जातं. मी सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखान्याचे हिशोब लिहितो, त्यामुळे खाली जागोजागी खातेवहीतले शब्द येतील. तेवढं चालवून घ्या.

पुस्तक निवडताना

दुकानात किंवा ऑनलाइन मागवण्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात.

पहिली, हे पुस्तक एकटं आहे की मालिकेतलं. या प्रकारात मालिकांचा सुळसुळाट आहे आणि ‘भाग पहिला’ हे शब्द मुखपृष्ठावर बऱ्याचदा इतके बारीक असतात की भिंग लागावं. मालिका वाईट नसते, पण पहिल्यांदा वाचणाऱ्यानं एका खंडात पुरी होणारी कादंबरी घ्यावी. निदान त्या खंडात परक्यांशी संपर्क घडतो ना, एवढं तरी पाहावं. काही लेखक सहाशे पानं नुसती चाहूल देतात आणि परका दाखवतात तो शेवटच्या प्रकरणात. त्यात गंमत आहे, पण ती मुरलेल्या वाचकासाठी.

दुसरी, पुस्तकाच्या पुढे-मागे पात्रसूची, नकाशा किंवा शब्दसूची आहे का. असली तर लेखकालाच ठाऊक आहे की वाचक गोंधळणार. एक सावधगिरी: शब्दसूची आधी वाचून काढू नका, तिच्यात पुढची गुपितं सांडलेली असतात. पात्रसूची चालते.

तिसरी, टाइपाचा आकार. स्वस्त छोट्या आवृत्तीत आठशे पानं बसवायची म्हणजे अक्षर मुंगीएवढं होतं. चाळिशी ओलांडलेल्यांनी सरळ ई-रीडरवर वाचावं; तिथं एखादं नाव शोधायचीही सोय असते. एरवी माझं मत कागदाच्या बाजूनं आहे, कारण अशा कादंबरीत बोट नकाशावर ठेवून वाचावं लागतं. ई-पुस्तकाचा सुरुवातीचा भाग बहुतेक वेळा फुकट वाचायला मिळतो. तो वाचून पाहिल्याशिवाय पैसे घालू नका. सोलापुरात दुकानात जाऊन समोर ठेवलेल्या ढिगातून असली पुस्तकं निवडता येतील अशी आशा धरू नये. ओळखीच्या पुस्तकवाल्याला सांगून मागवून घ्यावं, किंवा पुण्याला जाणाऱ्याच्या हाती यादी द्यावी.

ज्यांनी विज्ञानकथाच फार वाचलेली नाही, त्यांनी आधी मराठीत हात साफ करून घ्यावा. डॉ. जयंत नारळीकरांची ‘प्रेषित’ ही कादंबरी परग्रहाशी असलेल्या नात्यावरच आहे आणि पातळ आहे. स्पेस ऑपेराचा पसारा तिच्यात नाही, पण ‘हा आपल्यातला की परका’ हा प्रश्न मनात कसा घोळतो त्याची चव लागते.

वेळेचा हिशोब

आठशे पानांच्या इंग्रजी कादंबरीत पानाला साडेतीनशे शब्द धरले तर २ लाख ८० हजार शब्द होतात. मराठी माध्यमातून शिकलेला, रोज इंग्रजी न वाचणारा माणूस मिनिटाला सव्वाशे शब्दांच्या आसपास सुखानं वाचतो असं धरू. म्हणजे तासाला साधारण २१ पानं आणि सगळं पुस्तक ३७-३८ तासांचं. रोज एक तास दिला तर सव्वा महिना. हा आकडा आधीच डोळ्यासमोर असला की पंधराव्या दिवशी ‘अजून संपेना’ म्हणून वैताग येत नाही.

रोजचा तास कुठून काढायचा हे ज्याचं त्यानं बघावं. सोलापूरच्या उन्हाळ्यात मात्र एक सोय आयती मिळते. पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा दुपारी एक ते चार कोणी कोणाच्या दारात जात नाही. माठ शेजारी, खिडकीला ओलं कापड आणि मांडीवर थंडगार अंतराळ. वीज गेली तर ई-रीडरवाल्यांची चैन, कागदवाल्यांनी खिडकीकडे सरकावं.

प्रवासही उत्तम. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुणं गाठायला साधारण चार तास लागतात, म्हणजे ऐंशी पानं. एवढा मोठा सलग तुकडा घरी मिळणं कठीण, म्हणून तो वाया घालवू नये. पहिली शंभर पानं किंवा शेवटची शंभर पानं अशा प्रवासासाठी राखून ठेवावीत. मधली पानं घरच्या तासा-तासाच्या तुकड्यांत चालतात.

वही आणि उचंत खातं

शंभर पानी साधी वही पुरे. तिचे चार भाग करा. पहिला भाग पात्रांचा, दुसरा जहाजं आणि ठिकाणांचा, तिसरा उचंत आणि चौथा गैरसमजांचा.

पात्रांच्या भागात नावासमोर हुद्दा लिहून भागत नाही. कर्नल, कॅप्टन, कमांडर असे डझनभर असतात आणि सगळे सारखेच दिसतात. त्याऐवजी तो माणूस कशाच्या मागे आहे ते लिहा: ‘याला बढती हवी’, ‘हिला बहिणीचा तपास लावायचाय’, ‘याला परत घरी जायचंच नाहीये’. नाव विसरलं तरी ओढ लक्षात राहते. आडनावं अवघड असतील तर आपल्या सोयीची टोपणनावं ठेवावीत. लेखक काही बघायला येत नाही.

आता उचंत. कारखान्यात एखादी रक्कम येते आणि ती कोणत्या खात्याची हे त्या दिवशी कळत नाही. म्हणून कोणी रोजमेळ थांबवत नाही. ती रक्कम उचंत खात्यात टाकायची, पुढचं लिहीत राहायचं आणि वर्षअखेर ते खातं मिटवायचं. न कळलेल्या प्रत्येक शब्दाचं, संस्थेचं, यंत्राचं तेच करा. पान नंबर टाका, शब्द लिहा आणि पुढे चला. ‘पान १४: फोल्ड म्हणजे काय?’ एवढंच. शब्दकोशात शोधू नका, कारण हे शब्द लेखकानंच बनवलेले असतात आणि तोच पुढे कधीतरी उलगडतो. इंटरनेटवर तर अजिबात शोधू नका. पहिल्याच ओळीत कोण मेलं ते कळतं.

दर शंभर पानांनी उचंत खात्यावर नजर टाकावी आणि ज्याचा उलगडा झाला त्यावर काट मारावी. निम्म्याहून अधिक नोंदी पहिल्या दोनशे पानांत आपोआप मिटलेल्या दिसतील. ज्या मिटल्या नाहीत त्यांच्याकडे नीट बघा. तिथं एकतर लेखकाचा ढिसाळपणा आहे किंवा मुद्दाम दडवलेलं काहीतरी आहे, आणि चांगल्या कादंबरीत बहुधा दुसरंच.

पहिली शंभर पानं

इथं वेग ठेवायचा. कळण्याची अट नको. तीन-चार ठिकाणी तीन-चार गोष्टी एकाच वेळी सुरू होतात आणि त्यांचा एकमेकींशी काय संबंध ते लेखक सांगत नाही. प्रत्येक प्रकरण संपलं की वहीत एक ओळ लिहा: कोण, कुठं, काय अडलं. एकच ओळ. दोन ओळी लिहायला लागलात तर आठवड्याभरात वही सुटेल.

एका जागी मात्र थांबायचं. प्रकरणाच्या डोक्यावर तिरक्या अक्षरांत चार ओळी असतात: कुठल्याशा जुन्या अहवालातला उतारा, एखादं पत्र, पकडलेला संदेश. बहुतेक वाचक त्या ओलांडून जातात. पण लेखक पुष्कळदा परक्यांचा पहिला सुगावा तिथंच ठेवतो. त्या ओळी दोनदा वाचा. लढाईची तीन पानं सोडलीत तरी चालेल, त्या चार ओळी सोडू नका.

विज्ञान लागतं तेवढंच

भौतिकशास्त्राची पदवी लागत नाही. अंतर आणि उशीर, या दोन गोष्टी पक्क्या हव्यात.

प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. सूर्यापासून आपल्यापर्यंत यायला त्याला ८ मिनिटं २० सेकंद लागतात. मंगळावर ‘हॅलो’ म्हटलं तर ते पोचायला दोन्ही ग्रहांच्या जागेनुसार ३ ते २२ मिनिटं लागतात आणि उत्तर यायला पुन्हा तेवढीच. सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा, प्रॉक्झिमा सेंटॉरी, ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे (प्रकाश एका वर्षात कापतो ते अंतर म्हणजे एक प्रकाशवर्ष). तिथल्या माणसाला इथून रेडिओनं निरोप पाठवला तर उत्तर यायला साडेआठ वर्षं. म्हणून कादंबरीत कोणीही कोणाशीही बोलताना दिसलं की पहिला प्रश्न हा: यांच्यात उशीर किती? उशीर असेल तर बोलणारा शिळ्या बातमीवर निर्णय घेतोय. नसेल तर लेखकानं प्रकाशापेक्षा वेगवान असं काहीतरी कल्पनेनं उभं केलंय आणि त्याचे नियम काय ते शोधणं वाचकाचं काम आहे.

हे नियम फार महत्त्वाचे. अशा कादंबऱ्यांत प्रवासाचे ठरावीक मार्ग असतात. काही ठिकाणी दारं असतात, एका ताऱ्यापाशी आत शिरलं की दुसऱ्यापाशी बाहेर. काही ठिकाणी जहाज कुठूनही उडी मारतं. काही ठिकाणी असली सूटच नसते: माणसं शीतनिद्रेत जातात, नाहीतर जहाजावर पिढ्यान्‌पिढ्या जन्मतात आणि मरतात. दारं असतील तर ती दारं ताब्यात ठेवण्यासाठी भांडण होणार. पिढ्या जाणार असतील तर निघालेले आणि पोचलेले यांच्यातच परकेपणा येणार. प्रवासाचा नियम कळला की राजकारण कसं वळणार ते शंभर पानं आधी हेरता येतं.

प्रकाशाच्या जवळपास वेगानं जाणारं जहाज असेल तर समासात एक छोटा हिशोब करून बघावा. प्रकाशाच्या ९० टक्के वेगानं प्रॉक्झिमाला जायला पृथ्वीवरच्या घड्याळानं ४.७ वर्षं लागतील, पण जहाजावरच्या घड्याळानं जेमतेम २. वेग ९९ टक्के असेल तर जहाजावरच्या एका वर्षात पृथ्वीवर सात वर्षं उलटतात. म्हणजे घरी परत आलेली आई मुलीपेक्षा तरुण असू शकते. लेखक हे एका वाक्यात सांगून पुढे निघून जातो. तिथं क्षणभर थांबलं की पात्राचं दुःख आपल्यापर्यंत पोचतं.

संपर्काचा प्रसंग: इथं बैठक मारायची

आता मुख्य जागा. परके पहिल्यांदा दिसतात किंवा ऐकू येतात ते प्रकरण सुरू झालं की मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा आणि वाचायचा वेग निम्मा करा. वहीचा चौथा भाग उघडा आणि पानाचे तीन रकाने पाडा: ‘आपण काय समजलो’, ‘त्यांना काय दिसलं असेल’, ‘खरं काय हे कोणाला ठाऊक’.

एक प्रसंग कल्पून दाखवतो. माणसांचं जहाज एका अनोळखी ग्रहाकडे निघालंय. अर्धी वाट झाल्यावर ते उलटं फिरतं. अंतराळात ब्रेक नसतात. वेग कमी करायचा तर एंजिनाचं तोंड पुढे करून जाळ सोडावा लागतो. उरलेला अर्धा प्रवास जहाज शेपूट पुढे करून चालतं. कॅप्टन रोज रेडिओवर नमस्कार पाठवतो, शस्त्रं कुलपात आहेत, सगळे आनंदात आहेत. लेखक हे सगळं दीड पानात, सहज सांगतो. एंजिन सांभाळणारी बाई एकदाच म्हणते, ‘आपण बराच उजेड पाडतोय.’ तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही.

वहीतली नोंद अशी व्हावी. पहिल्या रकान्यात: ‘पान २१२. आपण मैत्रीचा हात पुढे केला.’ दुसऱ्यात: ‘रोज मोठी होत जाणारी आग, नेमकी आमच्यावर रोखलेली.’ तिसऱ्यात: ‘एंजिनवाल्या बाईला थोडा संशय.’ त्यापुढे ‘फिटला’ असं लिहून जागा कोरी ठेवा. पुढे कधीतरी, समजा पान ४६० वर, परक्यांच्या बाजूचं प्रकरण येतं आणि ते माणसांना ‘जाळ आणणारे’ म्हणतात. ज्यानं नोंद केलेली असते त्याच्या अंगावर काटा येतो. ज्यानं केलेली नसते त्याला ते नुसतं एक विचित्र नाव वाटतं. कोऱ्या जागेत ४६० टाका.

हा कल्पित प्रसंग भौतिकशास्त्राच्या सरळ नियमातून निघाला, कोणाच्या दुष्टपणातून नाही. चांगल्या लेखकाचे गैरसमज असेच असतात. खलनायक परके दात विचकत येतात तेव्हा मी पुस्तकाचा एक गुण कापतो.

संवाद सुरू होतो तेव्हा गणित येतं, मूळ संख्या येतात. वाचकाला वाटतं ही लेखकाची ठरलेली युक्ती. पण माणसांनी खरंच हे केलंय. १९७४ मध्ये पोर्तो रिकोतल्या अरेसिबो रेडिओ दुर्बिणीतून एम-१३ या तारकागुच्छाकडे एक संदेश पाठवला, त्यात बरोबर १६७९ बिंदू होते. १६७९ म्हणजे २३ गुणिले ७३, दोन्ही मूळ संख्या, त्यामुळे बिंदू आयताकृती मांडायचे तर रीती दोनच उरतात, आडवी आणि उभी. त्यातल्या बरोबर रीतीनं मांडले की माणसाची आकृती आणि सूर्यमाला दिसते. पाठवणाऱ्यांना ते चित्र उघड वाटलं. ज्याला डोळेच नाहीत त्याला काय वाटेल? कादंबरीत असा संदेश आला की हाच प्रश्न विचारायचा: पाठवणाऱ्यानं न सांगता काय गृहीत धरलंय?

आणि सोलापूरकरांसाठी एक खास गोष्ट. १९७७ मध्ये निघालेल्या ‘नासा’च्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे, तिच्यावर ५५ भाषांतले नमस्कार आहेत. त्यांत मराठी आहे, कन्नड आहे, तेलुगू आहे, उर्दू आहे. आपल्या शहराच्या पूर्व भागातल्या एका गल्लीत सकाळच्या पाण्याच्या वेळेला ज्या चार भाषा ऐकू येतात त्या चारही सूर्यमालेबाहेर निघाल्या आहेत, सोबत केसरबाई केरकरांची भैरवी. व्हॉयेजर-१ आज सुमारे अडीच हजार कोटी किलोमीटरवर आहे. एवढ्या लांब जाऊनही तो प्रकाशाच्या वेगानं अजून जेमतेम एका दिवसाच्या अंतरावर. कादंबरीतलं कोणी ‘दहा प्रकाशवर्षं’ असं सहज बोलून गेलं की हे आठवावं.

उत्सुकता फारच वाढली तर नारायणगावजवळ खोडदला जाऊन यावं. तिथं आणि आसपासच्या परिसरात मिळून ४५ मीटर व्यासाच्या ३० रेडिओ दुर्बिणी आहेत आणि विज्ञान दिनाच्या सुमारास, २८ फेब्रुवारीला, लोकांना बघायला मिळतात. एवढी मोठी तबकडी आकाशाकडे वळताना एकदा बघितली की ‘संदेश टिपला’ या दोन शब्दांमागचं यंत्र डोळ्यासमोर उभं राहतं.

परक्याच्या डोक्यात शिरताना

बऱ्याच कादंबऱ्यांत काही प्रकरणं परक्यांच्या नजरेतून असतात. हीच सगळ्यात कठीण आणि सगळ्यात चवदार. वाचताना आपण त्यांना नकळत माणूस बनवून टाकतो: दोन डोळे, दोन हात, थोडा हिरवा रंग. ते टाळण्यासाठी वहीत त्यांचं वेडंवाकडं चित्र काढा. चित्रकला येत नसेल तर उत्तमच. पाय किती, तोंड कुठं, झोपतात का, पिल्लं कशी वाढतात, मेल्यावर काय करतात, यांतलं जे सांगितलेलं नाही तिथं प्रश्नचिन्ह.

मग शरीरावरून समाज ओळखायचा. वासानं बोलणाऱ्या प्राण्याला खोटं बोलणं जमेल का? शेकडो वर्षं जगणाऱ्याला चाळीस वर्षांचा तह म्हणजे काय वाटेल? अनेक शरीरं मिळून एक मन असेल तर एक शरीर मेल्यावर शोक कोणी करायचा? हे सगळं हवेतलं नाही. आपल्याच समुद्रातल्या ऑक्टोपसच्या चेतापेशींपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश त्याच्या आठ हातांत असतात, म्हणजे त्याचा हात थोडाफार स्वतःच्या बुद्धीनं चालतो. लेखकांना असे नमुने पृथ्वीवरच मिळतात. परका समजत नसेल तर त्याचा पृथ्वीवरचा नमुना शोधा. निम्मं काम होतं.

परक्याच्या प्रकरणात उचंत नोंदी भराभर वाढतील. वाढू द्या.

लढाया

भरभर. कोण कोणावर चालून गेलं, उशीर किती होता, शेवटी कोण उरलं. क्षेपणास्त्रांची नावं आणि कवचांची जाडी ओलांडून जावं. ज्यांना तेच आवडतं त्यांनी खुशाल चवीनं वाचावं, पण कंटाळत कंटाळत वाचण्याचं पुण्य कुठंही जमा होत नाही.

तीनशे ते साडेचारशे: चढण

जवळपास प्रत्येक जाड कादंबरीत मध्ये एक पट्टा येतो जिथं संसदेच्या बैठका, व्यापारी करार आणि कोणाच्यातरी बालपणाच्या आठवणी असतात. नव्याचा चटका ओसरलेला, शेवट लांब. पुस्तक सुटतं ते बहुधा इथं. पहिल्या साठ पानांत अडकलेला निदान पुन्हा सुरुवात करतो; इथं सोडलेला परत येत नाही.

तीन उपाय आहेत. गोष्टींचे धागे तीन-चार असतील तर त्यातल्या आवडत्या धाग्याची पुढची दोन प्रकरणं आधी वाचून घ्या आणि मग मागे या. लेखकाला राग येईल, पण तुमची गाडी सुरू राहील. दुसरा, हा पट्टा कानानं ऐका. ऑडिओबुक असेल तर स्वयंपाक करताना, नाहीतर संध्याकाळी तलावाच्या काठानं फिरताना बैठकांची प्रकरणं छान ऐकून होतात. चेहऱ्याविना आवाज आले की राजकारण उलट जास्त कळतं. तिसरा, गैरसमजांची वही पहिल्यापासून वाचा. दहा मिनिटं लागतात आणि किती नोंदींची ‘फिटला’ची जागा कोरी आहे ते दिसतं. ती कोरी जागाच पुढे ओढते.

तरीही नाहीच जमलं तर? मी एक कसोटी लावतो. पुस्तकातलं एकही पात्र मेलं तर वाईट वाटणार नसेल आणि एकाही प्रश्नाचं उत्तर हवंसं वाटत नसेल, तर पुस्तक बंद करावं. दोन्हींपैकी एक जरी शिल्लक असेल तर अजून पन्नास पानं द्यावीत.

जोडीनं वाचणं

दोघांनी एकच पुस्तक एका वेळी वाचण्यासारखी दुसरी मजा नाही, फक्त नियम आधी ठरवावेत. माझा भाचा पुण्याला शिकतो, तो मोबाइलवर वाचतो आणि मी कागदावर. त्याचा रात्री फोन येतो:

‘मामा, ती राजदूत खरं बोलायलीय का खोटं?’

‘कुठल्या प्रकरणावर हाईस ते सांग की बे आधी.’

‘एकतिसाव्या.’

‘मग मी काय बोलत नाही. चाळिसाव्याला फोन कर.’

पानांचे नंबर जुळत नाहीत म्हणून प्रकरणाच्या नंबरावर बोलायचं. जो मागे असेल त्यानं फक्त प्रश्न विचारायचे आणि अंदाज सांगायचे. जो पुढे असेल त्यानं हूं करायचं. हूं करणाऱ्याचा आवाज सपाट असला पाहिजे. आमच्याकडे भाच्याला हे जमत नाही, त्याच्या हसण्यावरून मला दोनदा शेवट कळला आहे. अंदाज मात्र तारखेसह वहीत लिहून ठेवावेत. दोघांचे अंदाज वेगळे निघतात, आणि परक्याबद्दलचा आपला अंदाज पुष्कळदा आपल्याबद्दलच जास्त सांगतो. भाच्याला परके नेहमी गरीब बिचारे वाटतात. मला ते आधी भाव काय लावतात ते बघावंसं वाटतं.

शेवटची शंभर पानं आणि नंतर

ही एका किंवा दोन बैठकीत संपवावीत. सगळे धागे एकत्र येतात तेव्हा मध्ये दोन दिवसांचा खंड पडला की निम्मी पकड सुटते. रविवार मोकळा ठेवा, घरच्यांना सांगून ठेवा.

संपल्यावर लगेच दोन कामं. एक, परके जिथं पहिल्यांदा दिसले ते प्रकरण पुन्हा वाचा. वीस मिनिटांचं काम आहे, पण जे तेव्हा धमकी वाटलं ते आता विनवणी वाटतं, किंवा उलट. कादंबरी किती कसलेली आहे हे या दुसऱ्या वाचनात ठरतं. पहिल्या भेटीत पेरलेलं काहीच शेवटाशी जुळत नसेल तर लेखकानं मध्येच बेत बदललाय असं समजावं. दोन, उचंत खातं मिटवा. ज्या नोंदी उरल्या त्या आता शोधायला हरकत नाही. आता इंटरनेट उघडा, इतरांचे तर्क वाचा, वाद घाला.

मालिका असेल तर आणखी एक. पुढचा खंड यायला कधीकधी वर्षं जातात, तोवर सगळं धुऊन निघतं. म्हणून डोक्यात ताजं आहे तोवरच दोन पानी गोषवारा लिहा: कोण जिवंत, कोण कुठं, दारं किंवा मार्ग कोणाच्या ताब्यात, आणि चौथ्या भागातले कोणते गैरसमज अजून फिटलेले नाहीत. तो कागद घडी करून पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्यात ठेवा. पुस्तक कोणी वाचायला मागितलं तर द्या, पण तो कागद आणि वही आधी काढून घ्या.